कापलेल्या वायरीवर बंद पडणारं इंजिन

आधीच सांगून ठेवतो, मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारा माणूस नाही. पंचवीस वर्षं इंजिनांत हात काळे केलेत. चितेगावात पैठण रोडला माझं दुकान आहे. मोटरसायकल, जनरेटर, फवारणीचा पंप, जे येईल ते उघडतो. इंजिन दोनच कारणांनी बंद पडतं. एक तर पेट्रोल पोचत नाही, नाहीतर करंट पोचत नाही. तिसरं कारण सांगणाऱ्याला मी दुकानात उभं करत नाही. एक जण म्हणाला, गाडीला नजर लागली म्हणून स्टार्ट होत नाही. त्याला म्हणालो, मग नजर उतरवणाऱ्याकडे ढकलत ने, माझ्याकडे कशाला आणली? माझा स्वभाव असाच आहे. तापट, तुसडा. घरचेही तेच म्हणतात.

या ग्रुपवर मी बरेच दिवस नुसता वाचतोय. निम्म्या गोष्टी सरळसरळ थापा वाटतात. तरी स्वतःची लिहितोय, कारण दुसरीकडे कुठं सांगायची सोय राहिलेली नाही. कमेंटमध्ये मला धीर देऊ नका. "मन मोकळं केलंत, बरं वाटलं असेल" असलं काही लिहू नका, बरं वाटत नाहीये. नावं बदलली आहेत. गावाचं नाव सांगणार नाही. धरणाच्या बॅकवॉटरला, पैठणच्या अलीकडे... एवढं पुरे.

माझी धाकटी बहीण छाया तिथं दिलेली. तिचे मालक — आम्ही त्यांना दाजी म्हणायचो — होडी चालवायचे. या काठावरच्या लोकांची शेतं पलीकडच्या काठाला, रस्त्यानं गेलं तर लांबचा फेरा, म्हणून माणसं, खताच्या गोण्या, शेळ्यासुद्धा होडीतून जायच्या. होडीला मागच्या फळीवर अडकवायचं इंजिन होतं, आउटबोर्ड म्हणतात ते. वर डोकं, खाली पाण्यात पंखा, आणि वळवायला एक दांडा. मुंबईकडून जुनं आणलेलं. आमच्या भागात असलं इंजिन उघडणारा कोणी नाही, म्हणून ते माझ्याकडे यायचं.

त्या इंजिनाला एक लाल दोरी असते. तिचं एक टोक चालवणाऱ्याच्या मनगटाला, दुसऱ्या टोकाला प्लास्टिकची क्लिप, ती इंजिनावरच्या एका स्विचमध्ये बसवायची. माणूस पाण्यात पडला की दोरी ओढली जाते, क्लिप निघते, स्विच एका वायरीतून प्लगचा करंट बॉडीत उतरवून तोडतो आणि इंजिन जागच्या जागी बंद. नाहीतर रिकामी होडी गोल फिरत परत त्या माणसाच्याच अंगावर येते, खाली पंखा फिरत असतो. एवढ्यासाठीच ती दोरी. कंपनीची दोरी तुटली होती म्हणून दाजींनी क्लिपला लाल नाडा ओवून घेतला होता. पण लावायचे रोज. शिस्तीचा माणूस.

आता मुद्द्याचं. तो स्विच आतून झिजला होता. क्लिप जागेवर असतानाही मधेच करंट तोडायचा. दाजी सारखे यायचे. "पाव्हणं, मधातच गप होतंय. भर पाण्यात. बाया बोंबलायला लागत्यात."

मी सांगितलं, नवा स्विच मागवावा लागेल, थांबा. ते थांबायला तयार, पण फोन रोज. त्या दिवशी दुकानात गर्दी होती, डोकं फिरलेलं होतं, आणि दाजी पुन्हा इंजिन टेम्पोत घालून दारात उभे. मी झाकण काढलं, स्विचकडून येणारी वायर कट केली, म्हणजे स्विचला करंट तोडताच येऊ नये, दोन्ही टोकांना काळी टेप गुंडाळली आणि झाकण बसवलं. आमच्या धंद्यात याला डायरेक्ट करून देणं म्हणतात. साइड स्टँडचा स्विच बिघडला, डायरेक्ट. क्लचचा बिघडला, डायरेक्ट. गिऱ्हाईक खूश, कटकट मिटली. इंजिन बंद करायच्या बटणाची वायर वेगळी होती, तिला हात लावला नाही, त्यामुळे कुणाला काही कळण्याचा प्रश्न नव्हता.

"काय झालं व्हतं?" दाजींनी विचारलं.

"स्विच. साफ केलाय. न्या आता."

एवढंच बोललो. दोरी आता कामाची राहिली नाही, हे सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांनी इंजिन नेलंच नसतं, तिथंच बसून राहिले असते. चार दिवसांनी त्यांचा फोन आला. "पाव्हणं, हात लागला बघा तुमचा. एकदा पण बंद पडलं नाय." मी हूं म्हणून फोन ठेवला. नवा स्विच मागवायचा मी विसरून गेलो.

गेल्या साली दिवाळी सरल्यावर दाजी एकटेच पलीकडून परत येत होते. वारं होतं. लाटेनं होडी उसळली असेल, ते पडले. होडी फिरून आली. डोक्याला आणि मानेला पंखा लागला होता. एवढंच लिहितो.

त्यांना बाहेर काढलं कडूबा मामांनी. म्हातारे आहेत, जाळं टाकतात. मी चितेगावहून पोचलो तेव्हा दाजींना काठावर निजवलेलं होतं, होडी शेजारी बांधलेली, इंजिन पंख्यात गवत अडकून आपोआप थांबलेलं. छाया घरून यायची होती. मी खाली बसलो आणि मला त्यांच्या मनगटाला लाल दोरी दिसली. टोकाला क्लिप.

मी ती सोडली. कडूबा मामा बघत होते. "देवाचा धागा असंल," ते म्हणाले. मी म्हणालो, "व्हय, धागाच आहे." आणि मग होडीत जाऊन मी ती क्लिप स्विचमध्ये बसवली आणि दोरी तशीच लोंबती सोडली. पंचनाम्याला हवालदार आले. त्यांनी विचारलं, ही कशाची दोरी? मी मेकॅनिक, मलाच विचारणार. मी सांगितलं, ही हाताला लावायची असते, लावलेली नव्हती.

ज्यांना इथंच वाचायचं थांबवायचंय त्यांनी थांबवा. मला काय म्हणायचं ते मी स्वतःला म्हणून झालंय.

दहा महिने इंजिन तिच्या पडवीत पडून होतं. यंदा दसऱ्याच्या आधी छायाचा फोन आला. "दादा, होडी मीच चालवणारे. इंजन चालू होईना. येऊन जा."

मी टाळाटाळ केली. दुसऱ्या कुणाकडून बघून घे म्हणालो.

"दुसरं कोण हाय? तूच हात लावलेला हाय त्याला. येतो का नाय ते सांग."

गेलो. धरण भरलेलं, पाणी पार बाभळींच्या बुडाशी. छायानं इंजिन आधीच होडीवर चढवून ठेवलं होतं, कडूबा मामा जाळं घेऊन काठावर बसलेले. तिनं मला पाणीसुद्धा विचारलं नाही. दाजी गेल्यापासून ती कुणाशीच धड बोलत नव्हती.

पेट्रोलपासून सुरुवात केली. टाकीतलं पेट्रोल दहा महिन्यांचं, वास आंबलेला, तळाला पाणी. ओतून टाकलं, नवं भरलं, ऑइल मिसळलं. टाकीपासून इंजिनापर्यंतच्या नळीत एक रबरी फुगा असतो, तो दाबून पेट्रोल वर चढवायचं. फुग्याला चीर होती, पेट्रोलच्या जागी हवा ओढत होता. बदलला. कार्बोरेटर उतरवला, आत चिकट मेण जमलेलं, जेट साफ केली. मग करंट. प्लग काळा, नवा लावला, स्टार्ट करायचा दोरखंड ओढून बघितला, ठिणगी निळी, कडक. बाराव्या ओढीला इंजिन धडधडलं. सगळं नेहमीचं. मला बरं वाटायला लागलं होतं. कामात हात गेला की मला बरं वाटतं.

ट्रायलला तिघं निघालो. दांडा छायाच्या हातात, कडूबा मामा पुढं, मी मधल्या फळीवर. अर्ध्या वाटेवर इंजिन गुदमरून बंद पडलं. मी तिच्यावरच खेकसलो. टाकीच्या झाकणावर हवेचा स्क्रू असतो, तो तिनं गच्च बंद केला होता. हवा आत जाईना, पेट्रोल बाहेर येईना. स्क्रू ढिला केला, पुन्हा चालू. इथपर्यंत एक गोष्टसुद्धा अशी नाही की जिचं कारण मला देता येणार नाही.

मग छायानं ती लाल दोरी मनगटाला बांधली. "हीच ना ती?" म्हणाली, आणि हात झटकन मागं ओढला. क्लिप निघाली.

इंजिन बंद.

गुदमरून नाही. पेट्रोल संपतं तेव्हा इंजिन खोकतं, आवाज उतरतो. हे करंट तुटल्यावर होतं तसं, एका क्षणात गप. मी तो फरक झोपेतसुद्धा ओळखीन. पंचवीस वर्षांत इंजिनाची भीती मला पहिल्यांदा वाटली.

मी झाकण काढलं. छायाला दिसू नये म्हणून पाठ तिच्याकडे करून. वायरीची दोन टोकं तशीच होती. माझीच टेप, माझीच गुंडाळी. दोन्हींमध्ये चार बोटांचं अंतर. त्या स्विचचा आणि इंजिनाचा काडीचाही संबंध नव्हता.

"काय झालं?" तिनं विचारलं.

"काही नाही. बघतोय."

काठाला आलो. ती भाकरी आणायला घरी गेली तेवढ्यात मी इंजिन उथळ पाण्यात चालू केलं आणि दोरी ओढली. इंजिन चालू. क्लिप बसवली, ओढली. चालू. दहा वेळा केलं असेल. मीटर लावला, दोन टोकांत काहीच नाही, सुई हलेना. ओलीमुळं करंट उतरत असेल म्हणून टेप सोडली, टोकं पुसून कोरडी केली, नवी टेप मारली, वरून रबरी नळीचे तुकडे चढवले आणि एक टोक पार दुसऱ्या बाजूला नेऊन बांधलं. ओढली. इंजिन धडधडतच राहिलं.

कडूबा मामा जाळ्यातून मान वर न करता म्हणाले, "मिस्त्री, तुमी वढता तर बंद होत नाय. तिनं वढली तवा तर झालं."

"तुम्ही तुमचं जाळं बघा," मी म्हणालो.

छाया आली. भाकरीचं गाठोडं तिनं फळीवर ठेवलं, होडीत चढली, दोरी मनगटाला लावली आणि ओढली. बंद. चालू केलं, पुन्हा ओढली. बंद. मी तिच्या शेजारी उभा होतो, माझे डोळे त्या कापलेल्या टोकांवर होते. दोन्ही टोकं जागची हलली नाहीत. तिसऱ्यांदा. चौथ्यांदा. दरवेळी तसंच, एका क्षणात गप. मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, "बास कर, प्लग ओला होईल."

ती खाली बसली. मला वाटलं रडेल. रडली नाही. तिचा चेहरा रागानं काळानिळा झाला होता.

"इतकं सोपं व्हतं," ती म्हणाली. "एक दोरी. नुसती हाताला बांधायची. ती पण बांधली नाय ह्या माणसानं."

"छाया..."

"तू मधी बोलू नको. लेकरं विचारत्यात, आई, बाबा कसे पडले? मी सांगितलंय त्यांना. बाबांना तुमची पर्वा नव्हती म्हणून पडले. मला वाटायचं, दोरी खराब असंल, इंजन खराब असंल, कायतरी असंल. मनात एक आशा व्हती. आज बघितलं ना मी. सगळं ठीक हाय. मेलेल्या माणसाला शिव्या देऊ नये म्हणत्यात, मी रोज देते. पुढच्या महिन्यात वर्षश्राद्ध हाय. सासरे म्हणत्यात, पान वाढ. मी नाय वाढणार. फोटो बी उतरवून ठेवणारे."

कडूबा मामांचं जाळं विणायचं थांबलं होतं. ते माझ्याकडे बघत होते.

हे इथं नीट समजून घ्या. मला कोणी पकडलेलं नव्हतं. उलट, मी सुटलो होतो. दोरी काम करते हे तिनं स्वतःच्या हातानं तपासलं होतं, पाच वेळा. आता कोणी काही म्हटलं तरी तिचा विश्वास बसला नसता. झाकण बसवायचं, चार स्क्रू आवळायचे, नंतर कधीतरी गुपचूप वायर जोडून टाकायची, आणि आयुष्यभर दाजीच दोषी. असं वाटत होतं की कोणीतरी मुद्दाम माझ्यासाठी दार उघडून धरलंय आणि बघतंय, हा जातो का. त्यात दया नव्हती. तुम्ही हसाल, पण मला तिथं उघड्यावर, भर दुपारी, स्पष्ट जाणवलं की कुणालातरी माझा संताप आलेला आहे, आणि तो छायाचा नाही.

मी झाकण उचललं आणि बाजूला ठेवलं. "इकडं ये. हे बघ," म्हणालो.

"काय?"

"ही वायर त्या स्विचची. ही कापलेली आहे. मी कापली. दाजी जायच्या आधी दीड महिना."

तिनं वाकून बघितलं. बोट लावलं. "मग बंद कसं पडतंय?"

"माहीत नाही. पडायला नको. दोरी ओढून काहीही व्हायला नको."

"म्हंजे ह्यांनी दोरी लावली असती तरी..."

"लावली होती."

ती सरळ झाली.

"हाताला होती," मी म्हणालो. "मी काढली. तू यायच्या आत. पंचनाम्यात खोटं मी सांगितलं."

कडूबा मामा उठून उभे राहिले. त्यांचा आवाज चिरकला. "मिस्त्री, तुमी तर देवाचा धागा हाय म्हणले व्हते. मी समद्या गावात तेच सांगितलं, धागा व्हता हाताला तरी गेला बिचारा."

छाया इंजिनाकडं वळली. इंजिनाचा दोरखंड ओढला, इंजिन चालू झालं. लाल दोरी मनगटाला होतीच. तिनं हात मागं ओढला. क्लिप सुटून तिच्या मांडीवर पडली.

इंजिन चालू.

तिनं क्लिप बसवली, पुन्हा ओढली. चालू. पुन्हा, आणखी जोरात, अख्खी होडी हलली. इंजिन तसंच धडधडत राहिलं. किती वेळा ओढली मला सांगता येणार नाही. शेवटी तिचं मनगट लाल झालं, सोललं, तरी ती ओढत होती आणि इंजिन काही थांबेना. मी बटण दाबायला हात पुढं केला तर तिनं तो झिडकारला.

"उतर," ती म्हणाली.

"वायर जोडून देतो आणि जातो."

"हात नको लावू. उतर खाली."

मी उतरलो. गुडघाभर पाणी होतं. हत्यारांची पेटी होडीतच राहिली, ती कडूबा मामांनी आणून काठावर टाकली. आपटलीच म्हणा.

याला महिना होऊन गेला. पोलीस ठाण्यात जाऊन मी जबाब पालटून दिलाय, पुढं काय व्हायचं ते होईल, तो इथला विषय नाही. वर्षश्राद्ध झालं. मला बोलावणं नव्हतं. ओळखीच्या एकानं सांगितलं, पान छायानंच वाढलं, आणि सगळ्या गावासमोर पोरांना जवळ घेऊन सांगितलं की तुमच्या बाबांनी दोरी बांधलेली होती.

इंजिन तिनं पैठणच्या एका मेकॅनिककडून करून घेतलं. पोरगा माझ्या ओळखीतला निघाला. नवा स्विच, वायर जोडली. काम कोणी बिघडवलं होतं हे त्याला माहीत नव्हतं, म्हणून मलाच फोन करून हसत होता, "साहेब, कोणत्या येड्यानं कापली होती? दोन मिनिटांचं काम होतं."

मी सगळं पुन्हा पुन्हा तपासून बघितलंय. डोक्यातल्या डोक्यात, कागदावर आकृती काढून. ओल, गंज, सैल अर्थिंग, पेट्रोल तुटणं, योगायोग. एकही कारण तिथं बसत नाही. योगायोग पाच वेळा होत नाही, आणि माझ्या हातात एकदाही नाही असं होत नाही. तुमच्यापैकी कोणी इलेक्ट्रिकलचा असेल तर जरूर विचार करा, मला मात्र आता उत्तर मिळेल असं वाटत नाही. छायानं ओढली तेव्हा ते इंजिन का बंद पडलं, हे मला माहीत नाही.

दाजींनी ओढली तेव्हा का बंद पडलं नाही, ते माहीत आहे.